मागच्या पायांची झीज

१

जुनी खुर्ची घेताना आधी ती उलटी करावी. दुकानदाराला ते आवडत नाही, तरी करावी. वरून खुर्ची कशी दिसावी हे पॉलिश करणाऱ्याच्या हातात असतं, खालून ती कशी दिसते हे तिच्यात बसून गेलेल्यांच्या. सांध्यात नवे स्क्रू दिसले तर समजावं, कधीतरी मोडली होती. बारीक गोल भोकं दिसली तर बोटाने टकटक करावं. पीठ पडलं तर कीड अजून आत आहे. मग सपाट जमिनीवर ठेवून डुगडुगते का ते पाहावं आणि सगळ्यात शेवटी पायांचे तळ बघावेत. झीज कुठल्या कडेला आहे त्यावरून, कसा माणूस तिच्यात बसत होता ते कळतं.

हे सगळं मी त्या दिवशी दुकानात बायकोला समजावून सांगत होतो. ती वॉकर धरून उभी होती.

"अहो," ती म्हणाली, "मला नुसतं बसायचंय. खुर्चीचं स्थळ बघायला आल्यासारखं काय चाललंय तुमचं?"

माझी बायको निवृत्त होईपर्यंत पोहायला शिकवत असे. निम्म्या गावाने तिच्या दंडाला लटकून पहिल्यांदा पाण्यात पाय सोडले असतील. ती पडली मात्र न्हाणीघरात, सांडलेल्या पाण्यावर. "जन्म तलावात काढला आणि बुडाले ती तांब्याभर पाण्यात," हे ती भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. खुब्याचं ऑपरेशन झालं. व्यायाम करून घ्यायला एक बाई घरी येऊ लागल्या. बायकोने त्यांचं नाव हवालदारीण ठेवलं. हवालदारीणबाईंचा हुकूम होता: सोफा बंद. उंच, कडक बैठकीची, दोन्ही बाजूंना हात असलेली खुर्ची हवी आणि ऑपरेशनच्या पायाने कशालाही रेटायचं नाही. रेटलं तर आत बसवलेलं सगळं सरकेल, आणि पुन्हा टेबलावर झोपावं लागेल. या वयात दुसऱ्यांदा झोपलेली माणसं सगळीच उठत नाहीत, हे त्यांनी मला जिन्यात वेगळं सांगितलं.

औषधांच्या दुकानातल्या स्टीलच्या खुर्चीला बायको नाही म्हणाली. "तिच्यात बसलं की मी आजारी दिसते." म्हणून आम्ही जुन्या सामानाच्या दुकानात आलो होतो.

दुकानदार गोलमटोल, बोलका होता. "ही एका न्यायाधीशांची," तो एका खुर्चीवर हात ठेवून म्हणाला.

"आणि ती?"

"तीही न्यायाधीशांचीच."

"मग आता सगळे उभ्यानेच निकाल देत असतील," बायको म्हणाली. दुकानदार मनापासून हसला आणि तिथून पुढे माझ्याशी न बोलता तिच्याशीच बोलू लागला.

ती जोडी दुकानाच्या पार आतल्या टोकाला होती. गडद लाकूड, वेताची पाठ, रुंद हात. एक खुर्ची कपाटाला पाठ लावून होती आणि दुसरी तिच्यासमोर, इतकी जवळ की दोघींच्या बैठकी जवळजवळ टेकल्या होत्या. बायकोला आतलीत बसता यावं म्हणून दुकानदाराला समोरची ओढून बाजूला करावी लागली.

"जागेची अडचण हो," तो म्हणाला. "रोज नीट लावतो, रोज हे असं."

मी दोन्ही उलट्या केल्या. आतल्या खुर्चीच्या मागच्या पायांची मागची कड चांगलीच झिजली होती. मी म्हटलं, हा माणूस जेवून पोटावर हात ठेवून मागे झुलणारा. सुखी माणूस. समोरचीच्या पुढच्या पायांची पुढची कड झिजली होती. म्हणजे टेबलाशी वाकून लिहिणारा असावा. माझ्या या वाचनावर मी खूश झालो.

बायको आतलीत बसली आणि तिने डोळे मिटले. मागचे पाय झिजल्यामुळे खुर्चीला मागे हलकासा कल आला होता. तिच्या पाठीला तो अगदी बरोबर बसला.

"हीच," ती म्हणाली.

"जोडी आहे साहेब," दुकानदार म्हणाला. "फोडू नका."

मी म्हटलं, आजारी एकच आहे.

२

खुर्ची आम्ही बैठकीच्या खोलीत खिडकीशी ठेवली. खिडकीची कड रुंद आहे. त्यावर तिचा चहा, चष्म्याचं घर, रेडिओ आणि गोळ्यांची डबी राहू लागली. फरशी गुळगुळीत म्हणून मी चारही पायांना रबरी टोप्या बसवल्या, आतून गोंद लावून. मी थोडा घाबरट आहे. दाराची कडी लावल्यावर परत जाऊन बघणारा माणूस.

दिवसाची घडी बसून गेली. सकाळी हवालदारीण, मग अंघोळ, मग ती खुर्चीत आणि मी समोरच्या दिवाणावर. ती पेपरमधल्या मृत्यूंच्या बातम्या मोठ्याने वाचायची आणि वय ऐकून आम्ही दोघं हिशेब मांडायचो, आपल्यापेक्षा लहान की मोठा. दुपारी ती खुर्चीतच डुलकी काढायची.

एका सकाळी चहा घ्यायला तिने हात लांब केला आणि तो कपापर्यंत पोचला नाही.

"अहो, खिडकी लांब नेलीत का?"

मी हसलो. उठून कप तिच्या हातात दिला. खुर्ची थोडी मागे गेली होती, बस. झाडूवाल्या बाईंनी सरकवली असेल. बायको आत गेल्यावर मी ती पुन्हा खिडकीशी आणली.

दुसऱ्या दिवशी तिचा हात पुन्हा हवेत राहिला. त्या दिवशी बाई आल्याच नव्हत्या.

३

मी विद्यापीठात दृष्टिभ्रम शिकवत असे. माणसाला सारख्या रेघा लहानमोठ्या का दिसतात, स्थिर चित्र हलतंय असं का वाटतं, असल्या गोष्टी. दरवर्षी पहिल्या तासाला मुलांना सांगायचो: डोळा बघत नाही, अंदाज बांधतो. तेव्हा माझ्याइतका स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास असलेला माणूस शोधून सापडायचा नाही. खुर्ची सरकते आहे असं मला वाटू लागल्यावर मी पहिला संशय घेतला तो माझ्यावर.

दुसरा फरशीवर. नातवाच्या डब्यातली एक गोटी घेऊन मी ती खुर्चीच्या जागी ठेवली. जागची हलली नाही. हलकेच टिचकी मारली तर खिडकीकडे गेली, म्हणजे उतार असलाच तर उलट्या बाजूला होता. मग मी पायांभोवती खडूने गोल काढले. बायको बघत होती.

"आता माझ्याभोवती पण काढा. हरवले तर सापडेन."

दुपारी ती झोपल्यावर मी दिवाणावर बसून गोलांकडे बघत राहिलो. ती शांत झोपली होती. पाय सरळ, हात मांडीवर. काहीही हललं नाही. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, आणि तिथे मला तो आवाज आला. मोठा नव्हता. जेवायला बसल्यावर माणूस बसल्या बसल्या खुर्ची जराशी घेतो ना, तेवढाच.

परत आलो तेव्हा खडूचे गोल खुर्चीच्या पुढे होते.

बायको जागी होती. डोळे उघडे, पण माझ्याकडे नव्हते. गुडघे तिने एकत्र आवळून एका बाजूला घेतले होते. बसमध्ये समोरचा माणूस फार जवळ उभा असला म्हणजे बाया घेतात तसे.

"जरा सरका ना," ती म्हणाली.

मी दारात उभा होतो. आमच्या दोघांत अख्खी खोली होती.

"कोण सरकू?"

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर आलेलं आश्चर्य मला अजून दिसतं. "अगंबाई," ती म्हणाली, "तुम्ही तिथे आहात होय?"

झोपेतून उठलेलं माणूस काहीही बोलतं. वेदनाशामक गोळ्यांनी तर हमखास. मी स्वतःला हे ठणकावून सांगितलं. मग गुडघ्यांवर बसून रबरी टोप्या पाहिल्या. नव्या कोऱ्या टोप्या. मागच्या दोन मागच्या कडेने झिजून आतलं लाकूड दिसत होतं.

दुसऱ्या सकाळी हवालदारीणबाईंनी तिचा पाय हातात धरला आणि त्यांचा चेहरा बदलला. "तुम्ही रेटताय कशाला तरी. सूज बघा."

"नाही हो."

"मग हे आपोआप आलं?"

बायको गप्प राहिली. तिला असं गप्प बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. घाबरून हातपाय झाडणारी थोराड माणसं तिने पाण्यात छातीला धरून ठेवली होती. पाऊल मागे घेणं तिला ठाऊकच नव्हतं.

हवालदारीणबाई जाताना जिन्यात मला म्हणाल्या, "आणखी थोडं असंच चाललं तर मी जबाबदार नाही."

४

मी दुकानात गेलो. जाऊन काय विचारणार होतो ते मलाही माहीत नव्हतं. जुन्या मालकाचं नाव? ते कळून काय झालं असतं?

दार ढकललं तर ते कशाला तरी अडलं. काचेच्या अगदी मागे, रस्त्याकडे तोंड करून, दुसरी खुर्ची उभी होती.

"थांबा थांबा!" दुकानदार धावत आला आणि तिला मागे घेतलं. "गिऱ्हाईकं ओढतात, आणि तशीच टाकून जातात. शिस्त नाही लोकांना."

"ही आत होती ना? कपाटापाशी?"

"होती की. तुम्ही तिची जोडीदारीण नेलीत, तेव्हापासून एका जागी ठरत नाही." तो स्वतःच्याच विनोदावर हसला. "वहिनी कशा आहेत? फार गमतीदार बाई."

मी खुर्ची उलटी केली. पुढच्या पायांच्या पुढच्या कडा. लाकूड ताजं, फिकट दिसत होतं. तिथेच वाकून असताना मला कळलं की मी कुठे चुकलो. मी दोन खुर्च्या दोन वेळा वाचल्या होत्या. दोन्ही मिळून एकदा वाचायच्या होत्या. मागे झुलणारा सुखी माणूस कोणी नव्हताच. टेबलाशी लिहिणाराही नव्हता. एक खुर्ची पुढे येत राहिली होती, आणि दुसरीतलं माणूस मागे मागे, भिंत लागेपर्यंत.

"न्यायाधीशांची आहे," दुकानदार म्हणाला.

"कोणत्या न्यायाधीशांची?" मी विचारलं. माझा आवाज चढला असावा, कारण त्याचा चेहरा उतरला.

"साहेब, खरं सांगू का, मला काही माहीत नाही. एका रिकाम्या घरातून आल्या. लोकांना न्यायाधीश ऐकलं की बरं वाटतं."

मी घरी पोचलो ते जवळजवळ धावतच. या वयात ते शोभत नाही. बायको आपल्या खुर्चीत रेडिओ ऐकत होती. रेडिओ खिडकीत होता आणि ती मागच्या भिंतीपासून हातभर अंतरावर.

त्याच दिवशी मी ती खुर्ची इमारतीच्या जिन्याखाली टाकली आणि बायकोला जेवणाच्या टेबलाची साधी खुर्ची दिली, खाली गादी घालून. संध्याकाळपर्यंत ती खुर्चीही भिंतीकडे गेली होती. साध्या खुर्चीत तिची पाठ दुखली ती वेगळीच. "मला माझी द्या," ती म्हणाली. "सरकायचंच असेल तर निदान आरामात सरकू दे."

ती चेष्टेत म्हणाली. मी जुनी खुर्ची परत आणली.

५

आमची मुलगी गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते. ती शनिवारी आली आणि जिन्यातूनच ओरडली, "बाबा, दार पूर्ण उघडा! आणि डोळे मिटा!"

डोळे मिटले नाहीत म्हणून मी ते पाहिलं. दोन हमाल ती दुसरी खुर्ची वर चढवत होते.

"आईने फोनवर सांगितलं, जोडी होती आणि बाबांनी फोडली. कंजूष कुठले! आता बसा दोघं समोरासमोर आणि भांडा."

मी म्हटलं, परत ने. तिला वाटलं मी खर्चाबद्दल बोलतोय. मी पुन्हा म्हटलं. तिने माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि लहान मुलाशी बोलावं तसं हळू म्हणाली, "बाबा, खुर्ची आहे ती."

 बायकोची बोटं खुर्चीच्या हातावर पांढरी झाली होती.

मुलगी गेल्यावर मी खुर्ची आतल्या खोलीत नेली, तोंड भिंतीकडे केलं, दार ओढून घेतलं आणि कडी लावली. मग परत जाऊन कडी बघितली. दुपारभर लाकडाला लाकूड थडकल्याचा आवाज येत राहिला. जोरात नाही. दाराच्या पलीकडे कोणी बसलं आहे आणि त्याला घाई नाही, असा.

परत पाठवायचा विचार मी केला. पण दुकानात ती दारापर्यंत आली होती, हे मी पाहिलं होतं. तोडून जाळायचाही केला. पण साध्या खुर्चीतही बायको मागे सरकली होती. खुर्ची जाळली, तर जळेल ती फक्त खुर्ची.

शेवटी मला एकच सुचलं. रिकामी जागा कोणीही घेतं. जागा भरलेली असली तर?

मी कडी काढली. खुर्ची दाराला टेकून, तोंड माझ्याकडे करून उभी होती. ती उचलून बैठकीच्या खोलीत आणली, बायकोसमोर चांगल्या अंतरावर ठेवली आणि तिच्यात बसलो. पाठ घट्ट टेकली, टाचा फरशीवर रोवल्या.

काही झालं नाही. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवली. बायकोने हळूहळू एक मोठा श्वास सोडला आणि तिचे गुडघे सैल झाले.

"बसा तिथेच," ती म्हणाली. "तुम्ही बसलात की बरं वाटतं."

६

मग मी बसू लागलो. ती खुर्चीत असेल तोवर मी माझ्या खुर्चीत. चहाचा थर्मास बाजूला, पुस्तक मांडीवर. तिची सूज उतरली. हवालदारीणबाई तिच्यावर खूश झाल्या आणि माझ्यावरही, कारण मी बायकोला सोबत करतो म्हणून. उठायची वेळ आली की आधी तिला उठवून पलंगावर निजवायचं, मग मी उठायचं, हा नियम मी पाळला. पलंगाजवळ काही येत नसे. त्याला बसलेलं माणूस लागत असावं. हे वाक्य मी कसं लिहिलं? असा कोणी 'तो' आहे हे मी कधी मान्य केलं? केलेलं नाही. माझ्या वर्गातल्या मुलाने हे लिहिलं असतं तर मी त्याखाली लाल रेघ ओढली असती.

एकदा दुपारी ती पेपर वाचत होती. उन्हाची तिरीप खोलीत आली होती आणि ती माझ्यावर पडली होती, त्यामुळे मी तिच्या चष्म्याच्या काचांत दिसत होतो. दोन काचांत दोन लहान खोल्या, दोन खिडक्या, दोन खुर्च्या. अशा प्रतिबिंबांवर मी कधीकाळी एक निबंध लिहिला होता. काच बाहेरून फुगीर असली की चित्र लहान आणि कडेला वाकडं दिसतं. हे सगळं मला पाठ होतं.

मी पाठ टेकून बसलो होतो. मुद्दाम घट्ट टेकून. मानही मागे.

काचांतला माणूस पुढे वाकून, कोपरं गुडघ्यांवर ठेवून बसला होता.

मी उजवा हात वर केला. त्याने केला की नाही हे मी सांगू शकत नाही, कारण त्याच क्षणी बायकोने पेपर वर घेतला आणि त्याआडून म्हणाली, "बघू नका हो. बघितलं की त्याला चेव येतो."

"कोणाला?"

तिने पान उलटलं. मग तिने मृत्यूंच्या बातम्या मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मी वयं ऐकली. आमच्यापेक्षा लहान की मोठी, हे दोघांपैकी कोणीच बोललं नाही.

७

मुलगी पुढच्या वेळी न सांगता आली. तिच्याकडे किल्ली आहे.

दारातच ती थांबली. मी तिच्या नजरेने खोली पाहिली तेव्हा मला कळलं. बायकोच्या खुर्चीची पाठ भिंतीला चिकटली होती. माझे गुडघे तिच्या गुडघ्यांना टेकले होते. सकाळी आमच्यात टेबल मावेल इतकी जागा होती. मी तर जागचा हललो नव्हतो.

"बाबा, हे काय करताय तुम्ही?"

"मी धरून ठेवतोय."

"काय धरून ठेवताय? आईला कोंडलंय तुम्ही भिंतीशी!" तिने फरशीकडे बोट केलं. माझ्या खुर्चीमागे दोन लांब ओरखडे होते, सरळ. "आणि पाय बघा तिचा."

सूज परत आली होती.

"मी नाही केलं," मी म्हटलं.

"मग कोणी?"

मी पुराव्यावर जगलेला माणूस आहे. मी घरातल्या चपला काढून उलट्या केल्या. दिवाळखोर माणसाने तिजोरी उघडून बघावी तशी मी त्यांवर नजर टाकली, म्हणजे आत काय असणार हे मला आधीच ठाऊक होतं. टाचांच्या मागच्या कडा झिजून पातळ झाल्या होत्या. दोन्ही. बसल्या बसल्या टाचा रोवून खुर्ची पुढे ओढणाऱ्या माणसाच्या झिजतात, तशाच.

मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं. "बाबा, थोडे दिवस आईला मी नेते. तुम्हीही डॉक्टरांना दाखवा. प्लीज."

माझ्यासमोर दोनच शक्यता होत्या. तो आहे, किंवा मीच आहे. दोन्हींत तिने इथून जाणंच बरोबर होतं. असा स्वच्छ निष्कर्ष मला नोकरीत कधी मिळाला नाही.

"ने," मी म्हटलं.

बायकोने विरोध केला नाही. कपड्यांची पिशवी भरली. वॉकर टेकत ती दारापर्यंत गेली, थांबली, आणि मुलगी लिफ्ट बोलवायला गेली तेवढ्यात मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी खुर्चीतून उठलो नव्हतो. निरोप द्यायलाही नाही. तिला त्याचा राग आलेला नव्हता.

"जेवत जा वेळेवर," ती म्हणाली. "आणि तुम्ही नाही केलंत. मला माहीत आहे."

८

आता मी इथे बसतो. समोर तिची रिकामी खुर्ची भिंतीला टेकलेली आहे. मी जमेल तितका बसलेला असतो. मुलगी फोनवर सांगते, आई छान आहे. हवालदारीणबाई तिकडे जातात. अंगणात चालायला लागली. शेजारच्या मुलांना हवेत हात मारायला शिकवते, पाणी नसताना. मला हसू आलं. मुलीला वाटतं मी सुधारतोय. डॉक्टरांनी मला झोपेची गोळी दिली. ती मी घेतलेली नाही.

आज दुपारी फोन वाजला तेव्हा तो स्वयंपाकघरात राहिला होता. मी वाजू दिला. बंद झाला, पुन्हा वाजू लागला. काही वाईट घडलं असेल असं मनात आलं आणि मी उठलो. चार पावलांचं अंतर. किती वेळ लागतो त्याला?

"बाबा," मुलगी म्हणाली, "आई विचारते आहे, तुम्ही उठलात का?"

मी स्वयंपाकघराच्या दाराकडे वळलो.

"हॅलो? म्हणजे तिची खुर्ची मागे गेली म्हणते. प्लॅस्टिकची आहे हो, गुळगुळीत, घसरली असेल. पण मला सांगते फोन लाव, पहिल्यांदा हेच विचार. बाबा?"

फोन कानाला तसाच धरून मी बैठकीच्या खोलीत आलो. माझी खुर्ची मी सोडली होती तिथेच होती. फक्त तिने बायकोच्या खुर्चीकडे पाठ केली होती. तिचं तोंड आता दाराकडे होतं, आणि बाहेरच्या दाराची कडी, जी मी स्वतः लावून परत जाऊन बघितली होती, ती निघालेली होती.

मी जाऊन बसलो. पाठ टेकली. पाठीला वेत लागला नाही. काय लागलं ते मी बघितलं नाही. मी आणखी जोराने टेकलो.

पलीकडे काहीतरी खडखडलं आणि फोनवर बायकोचा श्वास आला. तलावाच्या दुसऱ्या काठावरून पोहत आल्यासारखा.

"बसलात?" तिने विचारलं.

"बसलो."

 तिच्याकडचं सगळं शांत होत गेलेलं मला ऐकू आलं. आधी खुर्चीचे पाय, मग तिचा श्वास. मागे कुठेतरी मुलं खेळत होती.

"चहा घेतलात का?"

"नंतर घेईन."

"नको," ती म्हणाली. "राहू दे चहा." मग अगदी हळू, मुलीला ऐकू जाऊ नये म्हणून हात फोनभोवती धरला असावा, तिने विचारलं, "दोघंही बसलात ना?"

मी समोर दाराकडे बघत राहिलो. टाचा फरशीवर रोवल्या.

"हो," मी म्हटलं. "दोघंही."